‘टक’ असा आवाज येतो, पण मोटार सुरू होत नाही : दोष कसा ओळखावा?

किल्ली फिरवली असता इंजिन सुरू होण्याऐवजी नुसताच ‘टक’ असा आवाज यावा, हा अनुभव बहुतेक वाहनधारकांना कधी ना कधी येतो. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे बॅटरीची ताकद कमी पडते, तर कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या जोडण्या गंजतात. आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच. अशा वेळी बॅटरी संपली असे गृहीत धरून अनेकजण नवी बॅटरी बसवून घेतात. काही वेळा त्याने प्रश्न सुटतो. काही वेळा मात्र आठवड्याभरात तोच आवाज पुन्हा ऐकू येतो, कारण मूळ दोष एखाद्या गंजलेल्या जोडणीत किंवा झिजलेल्या स्टार्टरमध्ये असतो. हजारो रुपयांची बॅटरी घ्यायची की चमचाभर खाण्याचा सोडा पुरेसा आहे, हे ठरवण्याइतकी माहिती बहुधा त्या आवाजातच दडलेली असते.

आवाज येतो याचा अर्थ किल्लीचा स्विच, रिले आणि बारीक तारांचा मार्ग निदान काही अंशी काम करीत आहे. इंजिन वेगाने फिरते पण पेट घेत नाही, अशी तक्रार असेल तर ती इंधनाशी अथवा ठिणगीशी संबंधित असते आणि तिचा तपास वेगळा. येथे विचार केला आहे तो इंजिन फिरतच नाही, अशा दोषाचा.

प्रथम शब्दाविषयी. स्टार्टरला कोशांतून प्रतिशब्द देता येतील, परंतु देशातील कोणत्याही गॅरेजमध्ये त्याला ‘सेल्फ’ म्हणतात आणि ‘सेल्फ घेत नाही’ एवढे सांगितले की मेकॅनिकला तक्रार समजते. हे नाव ‘सेल्फ-स्टार्टर’ या शब्दाचे अर्धे रूप आहे. पूर्वी इंजिन पुढून हँडल घालून हाताने फिरवावे लागे. हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याच्या घटना सर्रास घडत. अमेरिकेतील अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला आणि गाडी ‘स्वतःहून’ सुरू होऊ लागली. आपल्याकडे जीप आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडर गाड्यांचे हँडल त्यानंतरही अनेक दशके वापरात होते. येथेही यापुढे सेल्फ हाच शब्द वापरला आहे.

आवाज कोठून येतो?

सेल्फवर दंडगोलाच्या आकाराचा एक लहान भाग बसवलेला असतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवल्यावर त्यातील तारेच्या वेटोळ्यांत वीज जाते, चुंबकत्व निर्माण होते आणि आतील लोखंडी दट्ट्या खेचला जातो. हा दट्ट्या एकाच वेळी दोन कामे करतो. सेल्फचे लहान दंतचक्र पुढे सरकवून ते इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवतो आणि तांब्याचे दोन जाड संपर्कबिंदू जोडून बॅटरीचा संपूर्ण प्रवाह सेल्फकडे सोडतो. ‘टक’ हा आवाज या दट्ट्याचा. याखेरीज डॅशबोर्डच्या मागे किंवा बोनेटखालच्या फ्यूजपेटीत असलेल्या रिलेचाही बारीक, हलका आवाज येतो. तो बॉलपेनचे बटण दाबल्यासारखा असतो. केवळ हाच आवाज येत असेल आणि इंजिनाकडून काहीच ऐकू येत नसेल, तर वीज रिलेपर्यंत पोहोचते पण सोलेनॉइडपर्यंत जात नाही, असे समजावे. निखळलेली तार किंवा रिलेचे जळलेले संपर्क ही त्याची नेहमीची कारणे.

सोलेनॉइडमध्ये एक नव्हे, दोन वेटोळी असतात, ही बाब निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एक दट्ट्याला जोराने खेचणारे आणि दुसरे त्याला खेचलेल्या जागी धरून ठेवणारे. संपर्क जुळताच पहिले निष्क्रिय होते आणि दट्ट्या केवळ दुसऱ्याच्या बळावर टिकून राहतो. बॅटरी अशक्त असेल तर यापुढची घटना अशी घडते : सेल्फ प्रवाह ओढू लागताच बॅटरीचा दाब कोसळतो, धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याची ताकद संपते आणि दट्ट्या मागे जातो. संपर्क तुटताच सेल्फचा भार नाहीसा होतो, दाब पुन्हा वर येतो आणि दट्ट्या पुन्हा खेचला जातो. हे चक्र एका सेकंदात अनेकदा फिरते. त्यातून ‘टक-टक-टक-टक’ असा सलग, मशीनगनसारखा आवाज येतो.

म्हणून आवाज सलग असेल, तर सेल्फला दोष देण्यापूर्वी बॅटरी आणि तिच्या जोडण्या पाहाव्यात. आवाज एकदाच आणि जोराने येत असेल तर संशयाची सुई सेल्फकडे, त्याच्या जाड तारेकडे किंवा क्वचित इंजिनाकडेही वळते. हा नियम सर्वकाळ लागू पडत नाही. अगदीच उतरलेली बॅटरीही कधी एकदाच ‘टक’ करून गप्प बसते. त्यासाठी दुसरी साक्ष घ्यावी लागते ती दिव्यांची.

दिव्यांची साक्ष

पुढचे मोठे दिवे लावावेत, गाडी भिंतीसमोर असल्यास उत्तम, आणि किल्ली फिरवताना प्रकाशाकडे लक्ष ठेवावे. दिवे आधीपासूनच मंद व पिवळसर असतील तर बॅटरी उतरली आहे. आधी प्रखर असून किल्ली फिरवताच जवळजवळ विझत असतील तर बॅटरी अशक्त आहे, तिची जोडणी सैल आहे, किंवा सेल्फ अथवा इंजिन अडकून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. आवाज येऊनही दिवे तसूभर मंदावत नसतील, तर सेल्फकडे प्रवाह जातच नाही. मग बॅटरी बदलून उपयोग होणार नाही.

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी आणि तारा ठीक आहेत’ हा समज मात्र दिशाभूल करणारा आहे. त्यामागचे गणित सोपे आहे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह घेतो. दोन्ही हेडलाइट मिळून दहाच्या आसपास अँपिअर घेतात. बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून त्या सांध्यात ०.०२ ओहम इतका किरकोळ रोध निर्माण झाला असे समजू. दिव्यांच्या दहा अँपिअरला त्या सांध्यावर ०.२ व्होल्टची घट येते. ती डोळ्यांना जाणवत नाही. सेल्फच्या १५० अँपिअरला मात्र त्याच सांध्यावर तीन व्होल्ट गळतात आणि सेल्फच्या वाट्याला उरलेला दाब इंजिन फिरवण्यास अपुरा पडतो. शिवाय गळालेली ही ऊर्जा त्या एका सांध्यात उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तीन गुणिले १५०, म्हणजे साडेचारशे वॉट. त्यामुळे काही वेळा किल्ली फिरवून पाहिल्यावर एखादे टर्मिनल कोमट किंवा गरम लागत असेल, तर दोष तेथेच आहे, असे मल्टीमीटर नसतानाही सांगता येते. हात लावताना जपून, बोटाच्या टोकाने लावावा.

टर्मिनलवर पांढरट किंवा निळसर-हिरवी बुरशीसारखी पूड दिसल्यास ती काढावी. आधी उणे चिन्हाची तार सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम उलटा केल्यास धन टर्मिनलवरील पाना गाडीच्या पत्र्याला टेकून मोठी ठिणगी पडू शकते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ते टर्मिनलवर ओतल्यास फेस येऊन पूड सुटते. ते बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने शिसे चकचकीत होईपर्यंत घासून घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. हाताने फिरवल्यास टर्मिनल हलत असेल तर ते सैल आहे, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो.

दुसऱ्या टोकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बॅटरीची उणे तार बॉडीला व गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि इंजिन व बॉडी यांच्यात अर्थिंगची विणलेली पट्टी असते. क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यानंतर लगेच ही तक्रार सुरू झाली असेल, तर ती पट्टी सैल राहिली आहे का, हे प्रथम पाहावे. जुन्या गाड्यांत अर्थिंग तुटल्यास प्रवाह क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते.

मल्टीमीटर काय सांगतो?

विजेच्या सामानाच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर या कामास पुरतो. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास ती पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली गेल्यास जवळपास उतरलेली. गाडी नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून, ते बंद करून मग मोजावे. अन्यथा आकडा फसवा निघतो.

खरी परीक्षा किल्ली फिरवताना होते. त्या वेळी दाब साडेनऊ व्होल्टच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. उभ्या स्थितीत १२.५ दाखवणारी बॅटरीही येथे नापास होऊ शकते, कारण तिच्या सहापैकी एखादा कक्ष निकामी असतो. ती चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा नापास झाली तरच बदलावी. उलट, ‘टक’ आवाज येत असताना बॅटरीवर बाराहून अधिक व्होल्ट टिकून राहत असतील, तर बॅटरी निर्दोष ठरते.

त्यानंतर घट मोजावी. दुसऱ्या व्यक्तीला किल्ली फिरवण्यास सांगून मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरील क्लँपवर ठेवावे. आकडा शून्याच्या आसपास हवा. मग बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फवरील जाड बोल्टपर्यंत मोजावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक घट म्हणजे त्या मार्गात दोष आहे. उणे खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यातील घट ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक असू नये. सेल्फ मुळीच प्रवाह घेत नसेल तर मात्र हे सर्व आकडे शून्यच येतील आणि ते तारा निर्दोष असल्याचा पुरावा ठरणार नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

एकच जोराचा ‘टक’

बॅटरी आणि जोडण्या ठीक असून एकदाच आवाज येत असेल, तर बहुधा सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा सेल्फमधील कार्बन झिजलेले असतात. सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यास झिजलेले कार्बन क्षणभर टेकतात आणि गाडी सुरू होते. ही युक्ती खरी आहे, पण तो निदानाचा भाग आहे, दुरुस्ती नव्हे. आज ठोकल्यावर सुरू झालेली गाडी पुढच्या वेळी होईलच असे नाही. ती बंद न करता थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. त्याच भरवशावर रात्रीच्या प्रवासाला किंवा रुग्णाला घेऊन निघू नये. कार्बन आणि संपर्क बदलता येतात. प्रत्येक वेळी संपूर्ण सेल्फ नवा घ्यावाच लागतो असे नाही.

सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून गाडी सुरू करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. गाडी गिअरमध्ये राहिली असल्यास ती पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जाते. ही पद्धत कोणीही वापरू नये.

पाण्यातून गेलेल्या गाडीबाबत स्वतंत्र सावधगिरी आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा गाडीच्या सिलिंडरमध्ये हवेच्या मार्गाने पाणी शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सेल्फ एकदाच ‘ठक’ करून अडकतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास किंवा गाडी ढकलून सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत आटोपणारे काम संपूर्ण इंजिनाच्या खर्चावर जाते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली पुन्हा फिरवू नये, टो करून न्यावी.

दुसऱ्या गाडीची मदत

जंपर केबलने गाडी सुरू करणे सोपे आहे, परंतु क्रम चुकल्यास धोकादायक आहे. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होऊन आम्ल तोंडावर उडू शकते. याच कारणास्तव अंधारात बॅटरी पाहण्यासाठी काडी किंवा लायटर पेटवू नये. दोन्ही गाड्या बंद असाव्यात आणि एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची ठिणगी तेथे पडते. मदत करणारी गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग बंद गाडीची किल्ली फिरवावी आणि केबल उलट क्रमाने काढाव्यात. आम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

महामार्गावर ट्रकचालक मदतीस थांबतात. मात्र ट्रक व बस यांची विद्युत यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. ती मोटारीच्या १२ व्होल्टच्या यंत्रणेला जोडल्यास इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. मदत नम्रपणे नाकारलेली बरी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि आपत्कालीन स्थितीत ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

धक्का मारून सुरू करणे हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांतच शक्य आहे : किल्ली चालू स्थितीत, दुसरा गिअर, क्लच दाबलेला आणि वेग आल्यावर तो सोडणे. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग जड लागतात, हे उतारावर विसरू नये. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्यांना इंधनपंपासाठी थोडी तरी वीज लागतेच. बॅटरी पूर्ण मृत असल्यास धक्क्याचा उपयोग होत नाही.

लडाखसारख्या अतिथंड प्रदेशात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. शून्य अंश सेल्सिअसला बॅटरीची क्षमता सुमारे दोन तृतीयांश उरते, तर इंजिन ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला अधिक ताकद लागते. पूर्ण चार्ज बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठते. उतरलेल्या बॅटरीतील मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते. गोठलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीला जंपर केबल कधीही लावू नये.

बॅटरी उतरली का?

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. तसे नसेल तर अल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत अजूनही ‘डायनॅमो’) किंवा त्याचा पट्टा तपासावा. चालू गाडीची बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चालतो का’ हे पाहण्याची जुनी सवय काही मेकॅनिकांना आहे. आजच्या गाड्यांत त्यामुळे दाब अचानक उसळून कॉम्प्युटर निकामी होऊ शकतो. तसे करू देऊ नये.

चार्जिंग व्यवस्थित असूनही बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद असताना कोण वीज खाते, ते पाहावे लागते. घड्याळ, अलार्म व कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सर्वसाधारण मानला जातो. त्या दराने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाल्यानंतर आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या अनेक गाड्या याच कारणाने सुरू झाल्या नाहीत. रोज दोन-तीन मिनिटे गाडी सुरू करून बंद केल्याने ही तूट भरत नाही, उलट वाढते. अर्धा तास प्रत्यक्ष चालवणे किंवा उणे तार काढून ठेवणे हेच उपाय. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा कॅमेरा यांची वायरिंग चुकली असल्यास याहून कितीतरी अधिक वीज जाते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तिच्याच विजेवर मोठ्या बॅटरीचे संपर्क जुळतात. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी निघत नाही. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत बटण दाबताना ब्रेक दाबल्याचा संकेत मिळत नसेल, तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का, ते पाहावे.

तपासणीअंती बॅटरी बदलावीच लागली, तर जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे मातीत व पाण्यात मिसळते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक ठरते. जुन्या बॅटरीच्या बदल्यात नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते. ती बिलावर लिहून घ्यावी.